काचेच्या हौदातील मोठा मासा

चाकण, मोशी, चऱ्होली या बाजूस अलीकडे जी घरे उभी राहिली, त्यांच्या दिवाणखान्यात माशांचा काचेचा हौद दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे या टापूतील पुष्कळ जमीन कारखान्यांकडे गेली. गोठे गेले, बैल गेले. जित्राब पाळण्याची हौस मात्र मागे राहिली. या हौसेस आमचा विरोध नाही. बैल घेताना आपण जो विचार करतो तो मासा घेतानाही करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ऑस्कर नावाचा मासा दुकानात दोन बोटे लांबीचा मिळतो. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील. वर्षभरात तो वीतभर होतो आणि पुऱ्या वाढीस फूटभर किंवा किंचित अधिक भरतो. दुकानदार त्यासोबत दोन फुटी हौद गळ्यात मारतो व घेणाराही खुशीने घेतो. वासराच्या मापाने कोणी गोठा बांधीत नाही! एका ऑस्करास चार फूट लांब, दीड फूट रुंद व दोन फूट उंच याहून लहान हौद नको. हे झाले बारा घनफूट, म्हणजे सुमारे ३४० लिटर पाणी. जुन्या मापाने नऊ मण वजन. सबब बैठक लोखंडी व समतल असावी. अरोवाना तर तीन फुटांपर्यंत वाढतो व उडी मारतो. त्यास याहून कितीतरी मोठा हौद व वर जड झाकण पाहिजे. ॲलिगेटर गार हा सहा फुटांवर जाणारा मासा घरात आणूच नये.

हौद भरला की लगेच मासा सोडू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आधी घालवावा लागतो. शिवाय माशाच्या विष्ठेतून अमोनिया निघतो व तो माशास विषारी असतो. जमिनीत नत्राचे रूपांतर करणारे जीवाणू असतात, तसलेच गाळणीत वाढून त्याचे नायट्रेट करतात. त्यांचा जम बसण्यास तीनचार आठवडे लागतात. तरीही दर आठवड्यास काही पाणी बदलावेच लागते.

सोबत्यांविषयी नियम सोपा आहे: जो तोंडात मावेल तो सोबती नव्हे, तो घास होय. ऑस्करापाशी गप्पी सोडणे म्हणजे मांजरापाशी उंदीर बांधणे. सिल्व्हर डॉलरसारखे रुंद अंगाचे, चपळ मासे त्याच्याजवळ निभावतात, पण त्यांच्यासाठी हौद आणखी मोठा लागतो. दोन ऑस्कर एकत्र ठेवल्यास बहुधा भांडतात. जागा बेताची असेल तर एकटाच ठेवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरी काळजी पुढेच आहे. हौद अपुरा पडला, मासा मारवत नाही, म्हणून भूतदयेने तो इंद्रायणीत वा पवनेत सोडला जातो. इंद्रायणी तुळापुरास भीमेस मिळते. पवनेचे पाणीही मुळा-मुठेतून भीमेसच जाते, आणि भीमेचे पाणी उजनीत साठते. त्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सकर मासा येऊ लागला आहे. काच साफ करणारा म्हणून दोन इंचांचा विकला जाणारा हाच तो परदेशी मासा! दीड फुटापर्यंत वाढतो, अंगावरच्या कठीण कवचाने व काट्यांनी जाळी फाडतो, काठच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, आणि बाजारात त्यास कोणी विचारीत नाही. दिवाणखान्यातील हौसेची किंमत इंदापूर-करमाळ्याकडच्या मच्छीमाराने का द्यावी? इकडे इंद्रायणीच्या उगमाकडे, लोणावळ्याजवळ वळवण येथे, टाटांच्या केंद्रात आपल्या देशी महसीरची पिल्ले तयार करून पाण्यात सोडण्याचे काम १९७० नंतरच्या दशकापासून झाले. वरच्या अंगास देशी मासा वाढवावा आणि खालच्या अंगास परदेशी मासा ओतावा, हा कोणता हिशेब?

नकोसा मासा विहिरीत किंवा शेततळ्यातही सोडू नये. पावसाळ्यात शेततळे भरून वाहते आणि ते पाणी ओढ्याने नदीसच मिळते. मोठा हौद असलेल्या जाणत्या माणसास तो द्यावा किंवा दुकानदारास परत करावा. वाढलेला मासा परत घेणार की नाही, हे दुकानदारास खरेदीपूर्वीच विचारावे, आणि घेणार म्हणाला तर तशी कबुली पावतीच्या पाठीवर लिहून घ्यावी.