संगणकाच्या ओसरीवरून : सर्व्हरचं बिऱ्हाड



गणपतीच्या कार्यक्रमानंतर भांडी आवरताना एका काकूंनी विचारलं, "अहो, १९९४ सालचं ते नाटक मंडळाच्या वेबसाइटवर होतं ना? ह्यांचं काम होतं त्यात. नातवंडांना दाखवायचंय." काकांना जाऊन दोन वर्षं झाली. मला मान खाली घालावी लागली. नाटक होतं, आता नाही.

झालं असं. चार वर्षांपूर्वी कार्यकारिणी म्हणाली, "जरा स्वस्तात बघा." मी यादीतला सगळ्यात स्वस्त डेडिकेटेड सर्व्हर घेतला. त्यात डिस्क एकच. गेल्या हिवाळ्यात ती बंद पडली. कंपनीने त्याच दिवशी दुसरी डिस्क बसवली, अगदी कराराप्रमाणे, पण कोरी. व्हीएचएस कॅसेट तर आपण 'आता संगणकावर चढवल्या' म्हणून केव्हाच टाकून दिलेल्या. दोष कंपनीचा नाही, माझा. पहिला अंक एका सभासदाच्या घरच्या संगणकावर सापडला. काकांचा प्रवेश दुसऱ्या अंकात आहे.

आता नवा सर्व्हर घ्यायचा आहे. पैसे तुमच्या वर्गणीतले, म्हणून हिशेब उघड मांडतो.

मुळात अख्खा सर्व्हर हवाच कशाला? शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतली खोली: भाडं कमी, नळ सामाईक. व्हीपीएस म्हणजे इमारतीतला फ्लॅट. डेडिकेटेड म्हणजे स्वतंत्र बंगला, सगळं मशीन आपलं. नुसतं वार्तापत्र आणि तिकिटांचा फॉर्म असता, तर खोली पुरली असती. पण तीस वर्षांच्या चित्रफिती दोन टेराबाइटच्या घरात जातात, आणि एवढी जागा व्हीपीएसवर घेतली तर महाग पडते. मात्र बंगल्यात नळ गळला की प्लंबर आपणच. या स्वस्त सौद्यांत कंपनी यंत्राचा बिघडलेला भाग बदलते. आतलं सॉफ्टवेअर आपण सांभाळायचं. सेंटओएस ७ ची सुरक्षा-दुरुस्ती ३० जून २०२४ ला थांबली, तेव्हा ज्यांनी दुर्लक्ष केलं त्यांचं दार उघडंच राहिलं.

स्वस्तात दोन वाटा दिसतात. जर्मनीच्या हेट्झनर कंपनीचा 'सर्व्हर लिलाव': आधी वापरलेली यंत्रं, गिऱ्हाईक मिळेपर्यंत भाव उतरत जातो. किंवा फ्रान्सच्या ओव्हीएचची किमसुफी ही स्वस्त मालिका. ओव्हीएचचं डेटा सेंटर कॅनडात क्यूबेकमध्येही आहे, म्हणजे आपल्याला जवळ. अंतराने फरक पडतो का? काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. न्यूयॉर्कहून जर्मनी सहा-साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन निदान ६०-६५ मिलिसेकंद, प्रत्यक्षात त्याहून जास्त. पान उघडताना थोडं जाणवेल, नाटक बघताना नाही.

घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न असे. डिस्क दोन आहेत का? असल्या तर रेड-१ करून दोन्हींवर तेच लिहिता येतं, एक गेली तरी काम चालतं. डिस्क किती तास चालली आहे? 'स्मार्ट' नोंदीत तो आकडा मिळतो. ४०,००० तास म्हणजे साडेचार वर्षं अखंड. मेमरी ईसीसी आहे का? बसवणीचा वेगळा आकार, आयपी पत्त्याचं भाडं, किमान मुदत? यंत्र अडकलं तर दुरून त्याचा पडदा बघण्याची सोय? महिन्याच्या भावापुढे बारीक अक्षरात हेच असतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसली जाते. १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएचच्या स्ट्रासबुर्ग इथल्या केंद्राला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली. ज्यांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती, अशा काहींचं दोन्ही गेलं.

म्हणून माझी सूचना अशी: लिलावातलं दोन डिस्कचं साधं यंत्र घ्यावं, दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात, तिसरी दोन सभासदांच्या घरी बाहेरच्या डिस्कवर, दर तीन महिन्यांनी ताजी करून. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतून एखादं नाटक खरोखर उघडून बघायचं. पैसे कमी पडले तर यंत्र लहान घेऊ, पण दुसऱ्या प्रतीला कात्री नको. सर्वसाधारण सभेत हात वर करण्यापूर्वी एवढं ध्यानात ठेवा.

जाता जाता एक विनंती. तळघरात, गॅरेजमध्ये खोकी असतील, ती जरा उघडा. १९९४ च्या गणपतीची कॅसेट कुणाकडे निघाली तर कृपया आधी मला फोन करा. काकूंना मी अजून 'नाही' असं म्हटलेलं नाही, 'शोधतोय' असं म्हटलंय.

कळावे, लोभ असावा.

तुमचा,
संगणककाका