मोलकरणीला कुणी विचारलं का?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका कोपऱ्यात चार ओळींची एक बातमी नेहमी असते. अमुक वस्तीतल्या एक बाई राहत्या घरी मृतावस्थेत आढळल्या, 'पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे'. बस्स. पुढे काय झालं ते बहुतेक वेळा छापून येत नाही. जन्मभर मराठी शिकवल्यामुळे असेल, पण मी त्या 'अकस्मात' शब्दापाशी अडते. अकस्मात म्हणजे ध्यानीमनी नसताना. पण कुणाच्या ध्यानीमनी नसताना? बाहेरच्यांच्या, की घरातल्यांच्याही?

माझं मत आधीच सांगून टाकते. घरात झालेल्या संशयास्पद मृत्यूचं खरं काय ते बहुधा अशा माणसाला ठाऊक असतं, ज्याच्याकडे कुणी माणूस म्हणून बघतच नाही. भांडी घासणारी, लादी पुसणारी, आजाऱ्याचं करणारी बाई. आणि आपल्या चौकशीच्या पद्धतीत नेमकं तिलाच विचारायचं राहून जातं.

हे मत पक्कं झालं ते रजनी पंडित यांच्या मुलाखती वाचल्यावर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नाव माहीत असेल. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला खासगी गुप्तहेर म्हणून त्यांची ओळख आहे. वडील पोलीस खात्यात होते. त्या शिकल्या मात्र मराठी साहित्य, तेही रुपारेल कॉलेजात! (मराठी घेऊन पुढे काय करणार, असं विचारणाऱ्या पालकांना हे उदाहरण द्यायला हवं होतं.) १९८३ च्या सुमारास त्या एका कचेरीत नोकरी करत होत्या. तिथल्या एका सहकारी बाईंच्या घरात चोरी झाली आणि संशय नव्या सुनेवर आला. रजनीताईंनी घरावर लक्ष ठेवलं, तेव्हा चोर निघाला घरातलाच धाकटा मुलगा. तिथून हा प्रवास सुरू झाला आणि १९९१ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली.

आमच्या पिढीला गुप्तहेर भेटला तो बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांतून. झुंजार काय, काळा पहाड काय... सगळे धाडसी पुरुष! अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायचो आम्ही. त्यांच्या शेजारी रजनीताईंनी स्वतः सांगितलेली ही हकिकत ठेवून बघा.

एका बाईवर आपल्या नवऱ्याच्या आणि मुलाच्या खुनाचा संशय होता, पण पुरावा काहीच नव्हता. रजनीताई त्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या. एकदोन दिवस नव्हे, तब्बल सहा महिने. बाई आजारी पडली तेव्हा तिची सेवा केली, हळूहळू विश्वास मिळवला. एकदा घरात शांतता असताना जवळच्या रेकॉर्डरचा 'खट्' असा आवाज झाला आणि बाईला संशय आला. तिनं यांचं बाहेर जाणंच बंद केलं. मग एके दिवशी, जो मारेकरी असल्याचा संशय होता तो माणूस घरी आला. ही संधी गेली तर पुन्हा येणार नव्हती. रजनीताईंनी स्वयंपाकघरातल्या सुरीनं आपल्याच पायाला जखम केली, पट्टी करून घ्यायची म्हणून बाहेर पडल्या, जवळचा टेलिफोन बूथ गाठला आणि ज्यांनी काम सोपवलं होतं त्यांना पोलीस घेऊन यायला सांगितलं. त्याच दिवशी दोघांना अटक झाली.

यात पिस्तूल नाही, पाठलाग नाही. आहे ते केर-भांडी, औषधपाणी आणि सहा महिने गप्प राहून ऐकणं. पोलीस दारात आले की घर सावध होतं, माणसं ठरलेलं बोलतात. मोलकरणीसमोर मात्र तीच माणसं फोनवर बोलतात, भांडतात, रडतात. ती ऐकते आहे हे त्यांच्या गावीही नसतं.

ही गोष्ट काही आपल्याच समाजापुरती नाही. १८५६ मध्ये शिकागोत केट वॉर्न नावाची एक तरुण विधवा ॲलन पिंकर्टनच्या गुप्तहेर कचेरीत गेली. कारकुनी कामासाठी आली असेल असं त्याला वाटलं. तिनं सांगितलं, मला गुप्तहेर व्हायचंय, कारण पुरुषांना जिथे शिरकाव नाही तिथे बाई पोहोचू शकते. त्यानं तिला कामावर घेतलं. पुढे एका मोठ्या चोरीच्या प्रकरणात संशयिताच्या बायकोशी मैत्री करून तिनं पैशांचा माग काढला. देश वेगळा, काळ वेगळा, पण बाईकडे दुर्लक्ष करण्याची सवय तीच आणि त्या सवयीचा करून घेतलेला उपयोगही तोच.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला की पोलिसांनी पंचनामा करायचा असतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीनं आत्महत्या केली, किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, किंवा नातेवाइकांनी तशी मागणी केली, तर शवविच्छेदन करून घेण्याची तरतूद त्यात आहे. चांगली तरतूद आहे. पण पंच कोण असावेत? कायदा म्हणतो, शेजारपाजारचे दोन किंवा अधिक 'प्रतिष्ठित' रहिवासी.

प्रतिष्ठित! म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, समोरच्या ब्लॉकमधले साहेब. त्यांना त्या घरात उंबऱ्याच्या आत काय चालतं ते कितपत माहीत असणार? धुणंवाली 'प्रतिष्ठित'मध्ये बसते का? तिचा जबाब घेऊ नये असं कायदा कुठेही म्हणत नाही, उलट माहिती असलेल्या कुणालाही पोलीस विचारू शकतात. पण विचारायचं सुचायला हवं ना.

माझी एक विद्यार्थिनी होती. अक्षर मोत्यासारखं, निबंधात नेहमी पहिली. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात लग्न होऊन गेली आणि दीड वर्षात 'स्टोव्हचा भडका उडून' गेली. त्या काळात असे भडके फार उडायचे, आणि नेमके सुनांच्याच अंगावर. अपघात म्हणून कागद बंद झाला. चारेक वर्षांनी तिच्या सासरी भांडी घासणारी बाई तिच्या आईला बाजारात भेटली. म्हणाली, "आई, त्यांच्याकडं गॅस आला होता की. स्टोव्ह तर माळ्यावर होता." आईनं विचारलं, मग तेव्हा का नाही बोललीस? ती म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हाई." हे मला त्या आईनंच सांगितलं. आता दोघीही हयात नाहीत. त्या एका वाक्यानं खून सिद्ध झाला असता असं मी म्हणत नाही. पण कागद इतक्या लवकर बंद झाला नसता एवढं नक्की.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक संशयास्पद मृत्यूमागे खासगी गुप्तहेर लावावा का? माझं उत्तर 'नाही' असं आहे. एक तर तो पैसेवाल्यांनाच परवडणार, आणि माझ्या विद्यार्थिनीच्या आईसारख्या बाईनं काय करायचं? दुसरं, खासगी गुप्तहेराला झडती घेण्याचा, अटक करण्याचा अधिकार नाही. शेवटी पोलिसांकडेच जावं लागतं. रजनीताईंनाही जावं लागलंच. तिसरं, या व्यवसायाला आपल्याकडे अजून नियमच नाहीत. इमारतीखाली बसणाऱ्या वॉचमनच्या एजन्सीला २००५ च्या कायद्यानं परवाना लागतो. गुप्तहेर संस्थांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. लक्ष्मणरेषा आखलेली नसली की गोंधळ होतो. २०१८ मध्ये लोकांच्या फोन कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवल्याच्या आरोपावरून ठाणे पोलिसांनी अनेक खासगी गुप्तहेरांना पकडलं, त्यांत रजनीताईंनाही अटक झाली आणि पुढे जामीन मिळाला. आरोप म्हणजे गुन्हा शाबित होणं नव्हे. पण माझ्या फोनच्या नोंदी कुणी परस्पर विकत घेतलेल्या मला चालतील का, हे प्रत्येकानं स्वतःला विचारून बघावं.

आणि एक गोष्ट मनात खुपते. आजारी बाईची सेवा करून मिळवलेला विश्वास तिच्याच विरुद्ध वापरायचा, हे योग्य का? मी यावर बराच विचार केला. माझ्यापुरतं उत्तर असं की, दोन जीव गेले होते आणि त्यांच्या बाजूनं बोलायला दुसरं कुणी नव्हतं. तरी हे काम निवांत झोप लागू देणारं नाही. ते एका बाईवर सोपवून आपण मोकळे होणं बरोबर नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, तिला फारसा पैसाही लागत नाही. घरात संशयास्पद मृत्यू झाला की त्या घरात काम करणाऱ्या प्रत्येकीचा जबाब आठवड्याच्या आत, मालकांच्या गैरहजेरीत आणि शक्यतो महिला पोलिसानं घ्यावा. तिची नोकरी जाईल, तिला धमकावलं जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून तिचं नाव लगेच घरमालकांच्या कानावर जाऊ नये. यातून निर्दोष माणूसही सुटेल हे विसरू नका. त्या पहिल्या चोरीत रजनीताईंमुळेच तर एका सुनेवरचा आळ गेला!

आणि आपण? आपल्या घरी येणाऱ्या बाईचं पूरं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? माझ्या नात्यातल्या तिघींना विचारलं, तर एकीलाच सांगता आलं. तुमचं काय ते जरूर कळवा. आणि शेजारच्या घरात काही बरं चाललेलं नाही असं तिनं कधी सांगितलं, तर 'उगाच चहाड्या नकोत' म्हणून तिला गप्प करू नका. दोन मिनिटं बसवून ऐकून घ्या.