निर्लेखन

आमच्या महाविद्यालयात एखादी वस्तू निकामी ठरली की तिचा 'निर्लेखन प्रस्ताव' तयार होतो. शासनव्यवहाराच्या मराठीतील घडवलेल्या शब्दांची थट्टा करण्याची आपल्या क्षेत्रात जुनी रीत आहे, आणि आम्हीही ती वर्गात इमानेइतबारे पाळत आलो. या एका शब्दापुरते मात्र आमचे मत बदलले. निर्लेखन म्हणजे नोंदवहीतले नाव काढून टाकणे, लिहिलेले नाहीसे करणे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मराठी विभागाच्या संगणकाचा प्रस्ताव सहीसाठी आमच्यापुढे आला, तेव्हा हा शब्द किती नेमका आहे हे कळले. त्या संगणकात खरोखरच काही लिहिलेले होते, आणि तेच नाहीसे होणार होते.

कारण काय? तर पंखा वाजत होता.

आम्ही दोघे मावळातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. विभागाच्या त्या संगणकात गेल्या अनेक वर्षांतील एम.ए.च्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रीय काम साठलेले आहे. आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतल्या गावांतून मिळवलेल्या जात्यावरच्या ओव्या, राब, आवण, चिखलणी, खाचर यांसारख्या भातशेतीच्या शब्दांच्या याद्या, म्हणी, देवदेवतांची स्थाने. ज्या आजींनी त्या ओव्या सांगितल्या त्यांपैकी बहुतेक आज नाहीत. हे सारे टंकलेखन युनिकोडपूर्व काळातल्या एका अक्षरजुळणीच्या आज्ञावलीत झाले. ती चालते ती केवळ त्याच संगणकावर, त्याला लावलेल्या कुलपासकट. ''हार्ड डिस्क काढून ठेवा, सर'' असे आम्हांला सुचवण्यात आले. सूचना बरोबर होती आणि अपुरी होती. डिस्क राहिली असती. ओव्यांच्या जागी मात्र रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा ढीग दिसला असता.

संगणकात दोष एवढाच होता, की प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा घरघरत होता. पंख्याच्या आसाभोवतीचे वंगण वर्षांनुवर्षांच्या चालण्याने आटते, आस किंचित डुगडुगू लागतो, पात्यांवर धूळ बसते. आणि आमच्याकडे पावसाळ्यात धुके थेट वर्गात शिरत असल्याने ती धूळ ओली होऊन चिकटते. असा पंखा पुढे थांबतो, यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. उपाय सोपा : पंखा बदलणे. त्याच मापाचा, ९२ मिलिमीटरचा पंखा बाजारात तीनशे-साडेतीनशे रुपयांना मिळाला. स्क्रूची भोके जुळली, जाडी जुळली, व्होल्ट जुळले. जुळले नाही ते तारांच्या टोकाचे प्लास्टिकचे बोंडूक. बाजारातल्या पंख्याच्या बोंडकाला चार छिद्रे, आमच्या संगणकाला हवी पाच, आणि तीही वेगळ्या क्रमाने. निर्मात्या कंपनीच्या सेवाकेंद्राचे उत्तर एका ओळीचे होते : हा भाग आता येत नाही, नवा संगणक घ्यावा. खरेदी समितीलाही ते सोयीचे वाटले. नव्या खरेदीला निविदा असते, दुरुस्तीला फक्त पावती.

आमचे भांडण इथून सुरू होते. ते पंख्याशी नाही. त्या पाचव्या छिद्राशी आहे.

चार तारांचे काम कोणालाही समजण्यासारखे आहे. एक तार ऋण टोकाची, एक बारा व्होल्टची, तिसरी पंख्याचा वेग कळवणारी (प्रत्येक फेरीला ती दोन स्पंद पाठवते), आणि चौथी वेग कमीजास्त करण्याचा हुकूम नेणारी. हा हुकूम सेकंदाला सुमारे २५,००० वेळा चालू-बंद होणाऱ्या संकेताच्या रूपात जातो. या रचनेचे प्रमाण इंटेलने या शतकाच्या पहिल्या दशकातच जाहीर केले आणि पंखे बनवणाऱ्या बहुतेकांनी ते स्वीकारले. मग आमच्या यंत्रातली पाचवी तार काय करते? जुना पंखा उलगडून मल्टिमीटर लावला तेव्हा दिसले, की ती मोटरपर्यंत जातच नाही. बोंडकातच ती ऋण तारेला जोडलेली आहे. तिचे काम वारा घालण्याचे नाही. यंत्र सुरू होताना ''मी घरचाच आहे'' एवढे सांगण्याचे आहे. ही ओळख पटली नाही तर यंत्र पडद्यावर तक्रार करते आणि कळ दाबेपर्यंत अडून बसते. पंख्याला वेग विचारणे समजू शकते. ही तार त्याचे कूळ विचारते. पंगतीत बसण्यापूर्वी कूळ विचारण्याची रीत आपण निदान तोंडाने तरी निषिद्ध मानली आहे.

निर्मात्यांच्या बाजूने बोलायचे तर त्यांच्याकडे उत्तर नाही असे नाही. एकाच मंडलावर लहानमोठ्या क्षमतेचे पंखे बसतात. कोणता बसला आहे हे कळले तर वेग अचूक ठरवता येतो, चुकीच्या पंख्याने यंत्र जळत नाही. शिवाय प्रमाणाला चिकटून राहिले तर सुधारणा खुंटते, असेही म्हटले जाते. पहिला मुद्दा आम्ही मान्य करतो. पण मग कोणत्या छिद्रात कोणती तार येते, हे एका कागदावर छापून द्यायला अडचण कोणती? ओळख सुरक्षिततेसाठी असेल तर ती जाहीर असावी. गुप्त असेल तर ती सुरक्षितता नव्हे, मक्तेदारी होय. दुसरा मुद्दा तर त्याच चार तारांनी खोटा ठरवला आहे. पूर्वीचे पंखे तीन तारांचे होते. चौथी तार आली तेव्हा नवी जोडणी अशी घडवली गेली, की तीन छिद्रांचे जुने बोंडूकही तिच्यावर बसावे आणि चालावे. सुधारणा झाली आणि जुन्याला बसायला जागाही राहिली. परंपरा आणि नवता यांवर आपण जी शेकडो पाने लिहितो, त्यांचा आशय त्या लहानशा प्लास्टिकच्या तुकड्यात कोण्या अज्ञात अभियंत्याने सिद्ध करून ठेवला आहे.

मराठीच्या माणसाला हे नवे वाटू नये, कारण हाच खेळ आपल्या लिपीशी खेळून झालेला आहे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे राष्ट्रीय प्रमाण १९९१ मध्ये होते. त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. तरीही पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या खासगी फॉन्टमध्ये कोंडला गेला. एकाच्या फॉन्टमध्ये ज्या जागी 'क', दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये त्या जागी भलतेच अक्षर. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी लिहिली जाई, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे नंतर येते. रफार आणि 'ऱ्या'तला अर्धा र यांची रूपांतरात जी दैना होते ती प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाने भोगली आहे. तारा त्याच, क्रम वेगळा; अक्षरे तीच, संकेत वेगळा. आमच्या विभागातल्या ओव्या अशा दोन कुलपांत एकदम अडकल्या होत्या. लिपीचे कुलूप आतून होते आणि पंख्याचे बाहेरून.

त्या वेळी मराठीचे अध्यापक काय करत होते? शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे की १९७२ चे, यावर वाद घालत होते. तो वाद क्षुल्लक होता असे आम्ही म्हणत नाही. प्रमाणलेखन ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्याविषयी भांडलेच पाहिजे. पण वेलांटी पहिली की दुसरी यावर रक्त आटवणाऱ्यांना ती वेलांटी कोणत्या संकेताने साठते, तो कोणाच्या मालकीचा आहे, हे विचारावेसे वाटले नाही. ते 'तांत्रिक' होते. मर्ढेकरांच्या कवितेतील यंत्रप्रतिमांवर आम्ही आजही परीक्षेत प्रश्न विचारतो. विद्यार्थी यंत्रयुगाने माणसाचे काय केले ते पानभर लिहितात. आणि विभागातले यंत्र घरघरू लागले की आम्ही मामांना हाक मारून ते कोपऱ्यात ठेवायला सांगतो. यंत्राची निंदा करणारा आणि यंत्राचे झाकण उघडायला भिणारा हा एकच गृहस्थ आहे. यंत्र त्याला दास करत नाही. त्याचे अज्ञान करते. आम्ही हे स्वतःला वगळून लिहीत नाही. त्या प्रस्तावावर आमच्यापैकी एकाची सही होऊन गेली होती. ती दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन खोडावी लागली.

पुढचे काम तळेगावच्या एका दुरुस्तीवाल्या तरुणाने आमच्यासमोर केले. यंत्राची वीज तोडून, जुन्या पंख्याचे पाच छिद्रांचे बोंडूक चार बोटे तारांसह कापून घेतले आणि नव्या पंख्याच्या चार तारा त्याला एकेक करून डाख देऊन जोडल्या. पाचवी होती तशी ऋण तारेला बांधलेली ठेवली. आम्ही रंगाला रंग जोडायला निघालो होतो. त्याने हात धरला. ''सर, रंगावर जाऊ नका. पिवळी प्रत्येकाची वेगळी असते.'' आणि खरेच, तीन तारांच्या पंख्यात बहुधा लाल तार बारा व्होल्टची आणि पिवळी वेग सांगणारी असते. चार तारांच्या प्रमाणात पिवळी बारा व्होल्टची आणि वेग सांगणारी हिरवी. पिवळ्याला पिवळी जोडली असती तर बारा व्होल्ट भलत्याच जागी शिरून मंडल जळण्याचा संभव होता. भाषिक चिन्ह यादृच्छिक असते, त्याचा अर्थ व्यवस्थेतल्या स्थानावरून ठरतो, हे सोस्यूरच्या नावाने आम्ही वीस वर्षे शिकवत आलो आहोत. त्या दिवशी ते प्रथमच आमच्या हाताला कळले. पंखा फिरला. यंत्राने कूळ विचारले, उत्तर मिळाले, ते मुकाट्याने सुरू झाले.

महाविद्यालयात या गोष्टीचे कौतुक झाले. ''काय जुगाड केलात!'' असे प्राध्यापक-कक्षात चारजण म्हणाले. या कौतुकाला आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. जुगाड हा अलीकडे गौरवाचा शब्द झाला आहे. आपली माणसे कशातूनही वाट काढतात म्हणून आपण छाती फुगवतो. पण वाट काढावी लागते ती कोणीतरी अडवलेली असते म्हणून. त्या तरुणाकडे कौशल्य होते. त्याच्याकडे नसलेली गोष्ट म्हणजे तारांचा क्रम सांगणारा एक कागद, जो त्याला हक्काने मिळायला हवा होता. तो नसल्याने अर्धा दिवस त्याने चाचपडण्यात घालवला, आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे मागायला तो लाजला. अन्यायाला कल्पकतेचे नाव दिले की अन्याय करणाऱ्याचे काम सोपे होते.

आणि हे दुसऱ्या प्रकारे होऊ शकते, हे लोणावळेकराला तरी कोणी सांगायला नको. बोरघाटातून जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण १९२९-३० च्या सुमारास १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर झाले. पुढे देशाने २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज हे प्रमाण मानले. दोन विजा एकमेकींशी न जुळणाऱ्या. पण म्हणून कोणी घाटाचे निर्लेखन केले नाही. दोन्ही विजांवर चालणारी इंजिने बनवली गेली आणि मुंबईच्या मुख्य मार्गावरचा बदल २०१५ पर्यंत टप्प्याटप्प्याने पुरा होईस्तोवर त्यांनी दोन्ही व्यवस्था सांधून धरल्या. सांधणे ही तिथे कोणाची चोरटी युक्ती नव्हती. ती व्यवस्थेची जबाबदारी होती. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलसारख्या उपकरणांना चार्जिंगसाठी एकच यूएसबी-सी जोडणी सक्तीची केली, तेव्हा त्याने हेच मान्य केले, की जोडणीचा आकार ही उत्पादकाची खासगी लहर नाही. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली. पाऊल योग्य आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि हक्क मागणारे नसतील तर कायदाही कागदच राहतो.

म्हणून आमचे मागणे आमच्याच व्यवसायबंधूंकडे आहे. निर्लेखनाच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी त्या यंत्रात काय लिहिले आहे हे उघडून पाहा. विभागासाठी काही विकत घेताना त्याचे सुटे भाग किती वर्षे मिळतील हे लेखी विचारा. आणि जुन्या फॉन्टातला मजकूर यंत्र चालते आहे तोवर युनिकोडमध्ये आणा. उद्या नव्हे, या सुट्टीत.

आम्ही ते काम सुरू केले आहे. रूपांतर करणारी आज्ञावली अर्धा र गाळते, म्हणून प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. एकजण मूळ वाचतो, दुसरा तपासतो. पवन मावळातल्या ओव्यांची तीन गावे झाली आहेत. बरीच उरली आहेत. नवा पंखा अगदी हलका आवाज करतो. तो थांबला तर कळावे म्हणून आम्ही आता तो ऐकत बसतो.