घरचा हिशेब : मोठी लेन्स घेण्याआधी

थंडी पडली की उजनीच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या बाजूला पाहुणे पक्षी उतरू लागतात. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्याच्या कडेला उथळ पाण्याचा मोठा पट्टा तयार झाला. रोहित, चित्रबलाक, पट्टकदंब, सुरय असे पक्षी पाहायला आता दूरदूरचे लोक इथे येतात. बारामती-इंदापूरच्या माणसाला मात्र हे अंगणातलंच. पाण्याकडे पाठ फिरवली तर माळ आहे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकारांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे आणि कडबनवाडी व शिर्सुफळच्या गवताळ रानात वनविभागाची सफारी सुरू झाली आहे.

आपल्या ओळखीतली कितीतरी मुलं लग्नाच्या फोटोग्राफीवर रोजी कमावतात. लग्नसराई थंडावली की हीच मुलं कॅमेरा घेऊन पहाटे भिगवणला जातात. दोन-चार फेऱ्या झाल्या की घरात विषय निघतो, "अब्बा, माझी लेन्स कमी पडते. सहाशेची घ्यावी लागेल." ५०० किंवा ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी साधी झूम लेन्सही आज लाखाच्या पुढे जाते. एफ ४ ची ६०० मिलिमीटर लेन्स तर दहा लाखांच्या पलीकडची. एवढी रक्कम एकदम कुणाकडे नसते, म्हणून हप्त्याची गोष्ट येते आणि हप्त्यामागून व्याज येतं. बहिणीची फी, अब्बांची औषधं, घराचं भाडं ज्या कमाईतून जातं, त्याच कमाईतून हा हप्ताही जाणार असतो.

म्हणून या महिन्यात टेलिकन्व्हर्टरचा हिशेब मांडू.

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारा भिंगांचा छोटा नळा. वजन साधारण पाव किलोच्या आतबाहेर, किंमत मोठ्या लेन्सच्या तुलनेत बरीच कमी. मुख्यतः दोन प्रकार मिळतात, १.४ पट आणि २ पट. २०० मिलिमीटरच्या लेन्सला पहिला लावला की ती २८० ची होते, दुसरा लावला की ४०० ची. वेगळ्या भाषेत सांगायचं तर ७० मीटरवर उभा असलेला रोहित १.४ पटीच्या कन्व्हर्टरने ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो आणि २ पटीच्या कन्व्हर्टरने ३५ मीटरवर.

याची किंमत मात्र प्रकाशात मोजावी लागते. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी 'किताबुल मनाजिर'मध्ये मांडलं की डोळ्यातून किरण बाहेर जात नाहीत, वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसतं. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. लेन्सच्या तोंडातून जितका प्रकाश आत आला तितकाच हाताशी असतो. कन्व्हर्टर नवा प्रकाश आणत नाही, आलेलाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरवतो. भाकरी थापून मोठी केली म्हणून पीठ वाढत नाही, ती पातळ होते. १.४ पटीत प्रकाश निम्मा होतो, म्हणजे एक स्टॉप जातो. २ पटीत तो पाव उरतो, म्हणजे दोन स्टॉप जातात.

लग्नाचं काम करणाऱ्या अनेकांकडे ७०-२०० मिलिमीटरची एफ २.८ ची लेन्स असते. समजा, उडणारा रोहित टिपायला शटर १/१६०० हवा आणि त्या उजेडात आयएसओ ४०० पुरतो. १.४ पटीचा कन्व्हर्टर लावला की हीच लेन्स २८० मिलिमीटर एफ ४ होते आणि आयएसओ ८०० करावा लागतो. २ पटीचा लावला की ४०० मिलिमीटर एफ ५.६ होते आणि आयएसओ १६०० लागतो. आजचे कॅमेरे हे सहज पेलतात. कॅमेरा लहान सेन्सरचा, म्हणजे १.५ पट क्रॉपचा असेल, तर त्या ४०० मधून फुल फ्रेमवरच्या ६०० इतकंच चित्र दिसतं. ज्या मुलाकडे एफ २.८ ची ७०-२०० किंवा एफ ४ ची ३०० आहे, त्याच्याकडे मोठ्या लेन्सचा अर्धाअधिक भाग आधीच घरात आहे.

पण प्रत्येक लेन्सला कन्व्हर्टर चालत नाही, आणि पैसे इथेच बुडतात. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किंवा ५५-२५०, ७०-३०० सारख्या हलक्या लेन्सना कंपनीचे कन्व्हर्टर बहुधा बसतच नाहीत. कन्व्हर्टरचं पुढचं भिंग बाहेर आलेलं असतं. ते लेन्सच्या मागच्या भिंगाला टेकलं तर दोन्हींचं नुकसान. काही महागड्या लेन्सनाही अट असते. कॅननच्या आरएफ १००-५०० ला त्यांचा कन्व्हर्टर लावला तर झूम ३०० च्या अलीकडे आणता येत नाही. म्हणून आपल्या लेन्सचं नेमकं नाव घेऊन कंपनीची यादी पाहावी आणि मगच दुकानात जावं.

दुसरी अडचण फोकसची. जुने डीएसएलआर कॅमेरे साधारण एफ ५.६ पर्यंतच आपोआप फोकस करतात, काही मधल्या बिंदूवर एफ ८ पर्यंत. एफ ६.३ च्या झूमला १.४ लावला की एफ ९ होतो. तिथे असा कॅमेरा चाचपडतो आणि उडता पक्षी हातचा जातो. मिररलेस कॅमेरे याहून पुढे जातात, पण पहाटेच्या मंद उजेडात तेही मंदावतात. तिसरी गोष्ट, कन्व्हर्टर चित्राबरोबर लेन्सचे दोषही मोठे करतो. उत्तम लेन्सवर १.४ चा फरक जेमतेम जाणवतो, २ चा मात्र जाणवतो. अशा वेळी अ‍ॅपर्चर एक स्टॉप बंद केलं तर पिसं अधिक रेखीव येतात.

यात एक बिनपैशाचा मार्गही आहे, तो म्हणजे क्रॉप. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ पट कापला तर १२ मेगापिक्सेल उरतात. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तरी पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. म्हणजे फोटो मोबाईलवर दाखवायचा, अल्बममध्ये लावायचा किंवा दिवाणखान्यात छोट्या चौकटीत टांगायचा असेल, तर काहीच विकत घेण्याची गरज नसते. २ पट कापलं तर सहा मेगापिक्सेल उरतात. मोठी प्रिंट विकायची असेल तर ते कमी पडतात.

मग ठरवायचं कसं? कन्व्हर्टर एका दिवसासाठी भाड्याने किंवा मित्राकडून आणावा. सकाळच्या स्वच्छ उजेडात पन्नास-साठ मीटरवरच्या दुकानाची पाटी किंवा कडुनिंबाची फांदी निवडावी. कॅमेरा स्टँडवर ठेवून तीन फोटो काढावेत, नुसत्या लेन्सने, १.४ ने आणि २ ने. मग पाटी सारख्याच आकाराची दिसेल असे तिन्ही संगणकावर शेजारी ठेवावेत. कन्व्हर्टरच्या फोटोत कापलेल्या फोटोपेक्षा जास्त बारकावे दिसले तर तो घेण्याजोगा. दोन्ही सारखेच दिसले तर पैसे वाचले, अलहम्दुलिल्लाह. ही परीक्षा मुलाने अब्बांना शेजारी बसवून करावी. घरात वाद होण्यापेक्षा दोघांनी एकच चित्र पाहिलेलं बरं.

प्रत्यक्ष रानात गेल्यावर काही गोष्टी लेन्सच्या लांबीपेक्षा जास्त कामाच्या ठरतात. ऊन वर चढलं की पाण्यावरची आणि माळावरची हवा थरथरू लागते. तेव्हा कन्व्हर्टर ती थरथरही मोठी करतो आणि लाखाची लेन्सही तिथे हरते. म्हणून फजरची नमाज झाली की निघावं आणि ऊन तापण्याआधी काम उरकावं. होडीत मोटर चालू असताना स्टँड लावू नये, यंत्राचा कंप थेट कॅमेऱ्यात येतो. नावाड्याला मोटर बंद करायला सांगावं, कोपर अंगाशी धरावेत आणि हातातच कॅमेरा धरून फोटो घ्यावा. कन्व्हर्टर घरूनच आधी लेन्सला आणि मग कॅमेऱ्याला जोडून न्यावा. माळावरच्या धुळीत उघडझाप केली की सेन्सरवर डाग पडतात.

कन्व्हर्टरचा आणखी एक उपयोग किमतीच्या हिशेबात येत नाही. लेन्स कमी पडली की माणूस पक्ष्याच्या जवळ सरकतो, नावाड्याला "अजून थोडं पुढे घ्या, चाचा" म्हणतो. रोहित पाण्यावर धावत धावतच हवेत उठतो. प्रत्येक वेळी असं उठवलं की त्याचं चरणं मोडतं आणि अंगातली ताकद वाया जाते. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. सफरीत काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्लं उचलली आणि ती वरती फडफडू लागली. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ते पाहिलं, तिला कुणी दुःख दिलं असं विचारलं आणि पिल्लं परत ठेवायला सांगितली. फोटोसाठी थवा उडवणाऱ्याने हा प्रसंग आठवावा. चिंकारा १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, त्याच्यामागे गाडी घालणं हा कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो. ७० मीटरवरूनच ५० मीटरचा फोटो मिळत असेल, तर ते वीस मीटर पक्ष्याचेच राहू द्यावेत.

मोठी लेन्स घेऊच नये असं मात्र नाही. पक्ष्यांच्या फोटोंतून खरंच कमाई होत असेल, महिन्यातले बरेच दिवस रानात जात असतील आणि रक्कम बचतीतून उभी राहत असेल, तर स्वतंत्र लांब लेन्स कन्व्हर्टरपेक्षा सरसच. एफ ५.६ ची ५०० मिलिमीटर लेन्स आणि २ पटीने ओढलेली झूम यांची बरोबरी होत नाही. पण आधी वर्षभर कन्व्हर्टरवर काम करून पाहावं. लग्नाच्या प्रत्येक ऑर्डरमधून थोडी रक्कम वेगळी ठेवावी आणि पुढच्या थंडीत हिशेब करावा.

हप्त्याचाच मोह झाला, तर 'नो कॉस्ट' या शब्दांवर जाऊ नये. अनेकदा कागदावर व्याज लिहिलेलं असतं, दुकानदार तेवढी सूट देतो, आणि त्या व्याजावरचा जीएसटी व बँकेची फी आपल्याला भरावी लागते. सूद टाळू पाहणाऱ्या घराने तो कागद पूर्ण वाचूनच सही करावी. कुरआनने उधळपट्टीला सैतानाशी भाईचारा म्हटलं आहे. छंद उधळपट्टी नाही, पण घरात असलेल्या लेन्सची ताकद न पाहता दुसरी आणणं तिकडेच झुकतं.

इन्शाअल्लाह, यंदाच्या थंडीत भिगवणला जाल तेव्हा कॅमेरा मुलाच्या हाती द्या आणि दुर्बीण धाकट्यांच्या. नावाड्याला मजुरी घासाघीस न करता द्या. त्याच्या घरचा हिशेबही याच पाण्यावर चालतो.