साक्ष मणक्यातल्या पाण्याची

लाइम रोगाचा रक्ताचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की निदान झाले आणि निगेटिव्ह आला की विषय मिटला, अशी समजूत रुग्णांत असते; घाईत असलेल्या डॉक्टरांतही असते. हा रोग मज्जासंस्थेत शिरतो तेव्हा या समजुतीचा फटका दोन्हीकडून बसतो. ज्याला रोग आहे तो आठवडेच्या आठवडे सायटिकाच्या गोळ्या खात राहतो आणि ज्याला नाही त्याला महिनोन्महिने अँटिबायोटिकचे सलाइन लागते. एकाला औषध मिळत नाही, दुसऱ्याचे थांबत नाही. चूक मात्र एकच. रक्तातली एक खूण म्हणजेच रोग, असे दोन्हीकडे धरले जाते.

या रोगाला नाव मिळाले ते अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावावरून. १९७५च्या सुमारास त्या भागातल्या अनेक मुलांचे सांधे सुजू लागले, म्हणून शोध सुरू झाला आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी गोचिडीतला मळसूत्री जंतू जगासमोर आणला. आपल्याकडच्या लेप्टोच्या जंतूचा हा दूरचा भाऊबंद. पण मज्जातंतूंच्या दुखण्याची नोंद त्याच्या कितीतरी आधीची आहे. गोचीड चावल्यानंतर आलेला पक्षाघात फ्रान्समध्ये गारँ आणि बुजादू यांनी १९२२ मध्येच लिहून ठेवला होता. जर्मनीत बानवार्थ यांनी १९४१ मध्ये या दुखण्याचे सविस्तर वर्णन केले. चाव्यानंतर काही आठवड्यांनी पाठीतून हातापायात किंवा बरगड्यांवरून जाणारी, रात्री झोपू न देणारी कळ. चेहऱ्याची एक, कधी दोन्ही बाजू लुळी पडणे. आणि मणक्यातल्या पाण्यात वाढलेल्या पांढऱ्या पेशी. म्हणजे जंतू हाती येण्याच्या साठ वर्षे आधीपासून डॉक्टर हा रोग रुग्णाकडे पाहून ओळखू लागले होते. चाचणी आली म्हणून हे पाहणे सोडून द्यायचे कारण नाही.

रक्ताची चाचणी जंतू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीचा निगेटिव्ह रिपोर्ट फसवा ठरू शकतो. एकदा तयार झाली की बरे झाल्यावरही ती वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट जुन्या, विझलेल्या संसर्गाचाही असू शकतो. त्यात रोग दुर्मीळ असेल तर साधे गणितच उलटते. समजा, हजार माणसांत खरा रुग्ण एक आहे आणि चाचणी शंभर निरोगी माणसांतल्या पाच जणांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. हजारांमागे पन्नास खोटे रुग्ण निघतील, खरा एकच. महाराष्ट्रात गोचिडीची धास्ती आहे ती सिंधुदुर्गातल्या माकडतापाची. लाइम इथला नेहमीचा रोग नव्हे. म्हणून लाइमच्या मुलखात, समजा न्यू जर्सीत, मुलाकडे उन्हाळा काढून आलेल्या आईचा चेहरा वाकडा झाला तर लाइमची शंका घेणे शहाणपणाचे आहे. पण कधीही त्या मुलखात न गेलेल्या माणसाच्या थकव्यासाठी तीच चाचणी करणे म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

युरोपातल्या मज्जाविकारतज्ज्ञांनी २०१० मध्ये या निदानाची कसोटी तीन खुणांवर बसवली: मज्जासंस्थेची जुळणारी लक्षणे, मणक्यातल्या पाण्यात वाढलेल्या पांढऱ्या पेशी आणि त्याच पाण्यात तयार झालेली प्रतिपिंडे. तिन्ही जुळल्या तर निदान पक्के, दोन जुळल्या तर संभाव्य. रक्तातली प्रतिपिंडे या पाण्यात झिरपतात, म्हणून दोन्हींचे नमुने एकाच वेळी घेऊन प्रमाण ताडून पाहावे लागते. ‘मणक्यातले पाणी काढले की कंबर कायमची जाते’ ही भीती आपल्याकडे घरोघरी आहे. प्रत्यक्षात सुई जिथे टोचतात तिथे मज्जारज्जू संपलेला असतो आणि काही दिवसांची डोकेदुखी हा नेहमीचा त्रास. प्रत्येकाला ही सुई हवीच असेही नाही. लाइमच्या मुलखात चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा दिसला आणि पाठोपाठ चेहरा लुळा पडला, तर पाणी न काढताही उपचार सुरू करता येतात. जिथे शंका खरी आहे आणि उत्तर अस्पष्ट आहे, तिथे मात्र ही सुई टाळणे महागात पडते.

निदान नीट झाले की उपचार आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोसाठी देतात तीच डॉक्सिसायक्लिन इथेही चालते. नॉर्वेतल्या २००८च्या चाचणीत चौदा दिवस तोंडाने घेतलेल्या या गोळ्या शिरेतून दिलेल्या सेफ्ट्रायाक्सोनपेक्षा उण्या ठरल्या नाहीत. तिथल्याच २०२२च्या चाचणीत दोन आठवड्यांऐवजी सहा आठवडे दिल्याने अधिक काही साधले नाही. मेंदू किंवा मज्जारज्जूलाच सूज असेल तेव्हा शिरेतले औषध लागते. ब्रिटनमध्ये ते एकवीस दिवस देतात. म्हणजे तिथेही दिवस मोजलेलेच.

यावर सर्वात जड आक्षेप रुग्णांचाच आहे: कोर्स पुरा झाला, तरी थकवा, दुखणे, विसरभोळेपणा जात नाही, त्याचे काय? हे त्रास खरे आहेत आणि त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणारे डॉक्टरच रुग्णांना लांबलचक कोर्स विकणाऱ्यांच्या दारात ढकलतात. पण त्रास खरा आहे याचा अर्थ जंतू जिवंत आहे असा होत नाही. नेदरलँड्समध्ये अशाच २८० रुग्णांना आधी दोन आठवडे शिरेतून औषध दिले. मग काहींना बारा आठवडे अँटिबायोटिक, काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या. २०१६ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांच्या तब्येतीत फरक नव्हता. उलट शिरेत महिनोन्महिने ठेवलेल्या नळीतून रक्तात जंतू गेल्याच्या, माणसे दगावल्याच्याही नोंदी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. अशा रुग्णाला गरज असते ती झोप, थायरॉइड, नैराश्य, इजा झालेल्या मज्जातंतूची संथ भरपाई हे सारे पुन्हा तपासणाऱ्या डॉक्टरची. आणखी एका बाटलीने त्यातले काहीच तपासले जात नाही. तपासणे फक्त लांबणीवर पडते.