नाव ठेवणारे आणि नावे ठेवणारे

विलायतेतील विख्यात विनोदकार एडी इझर्ड यांनी आपला उल्लेख स्त्रीलिंगी व्हावा असे २०२० साली सांगितले आणि २०२३ साली ‘सूझी’ हे नाव धारण केले. जुन्या नावाने हाक मारणाऱ्यावर त्या रागावत नाहीत. रागावतात ते आमचे काही सुशिक्षित बंधू! नटाने हसवावे, हा नामांतराचा चाळा कशाला, असा त्यांचा सवाल.

नामांतराचे एवढे वावडे आम्हांस केव्हापासून? भिवंडीत काय अन् पुण्यात काय, लग्नाच्या मांडवात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहून कित्येक मुलींचे माहेरचे नाव क्षणात पुसले गेले. त्यांना कोणी विचारले होते काय? नारायण श्रीपाद राजहंस यांस ‘बालगंधर्व’ म्हणताना कोणाची जीभ अडखळली नाही. दुसऱ्याने ठेवलेले नाव चालते. स्वतः निवडले की मात्र नावे ठेवावयाची!

आणि आमचे गणपत पाटील? तमाशापटांत नाच्याची भूमिका करून त्यांनी महाराष्ट्राला पोट धरून हसावयास लावले. ते संसारी गृहस्थ होते. तरी पडद्याबाहेरही लोकांनी त्यांस नाच्याच मानले. पाटलांनी पुरुष म्हणवून घ्यावे तर विश्वास नाही, इझर्ड यांनी स्त्रीलिंग मागावे तर तेही नाही. तिकिटाच्या पैशात विनोद मिळतो. नटाचे लिंग ठरविण्याचा मक्ता मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी हा हक्क ज्याचा त्याचा मानला. उद्या भिवंडीच्या एखाद्या तरुणाने राजपत्रात मुलीचे नाव छापून आणले, तर त्या नावाने हाक मारावयास आमचे काय वेचणार आहे?