चुंबकाची कसोटी

अंतराळयान झेपावताना टाळ्या वाजविणारे पुष्कळ असतात. त्यातील एखाद्या चुंबकाची वर्षानुवर्षे परीक्षा घेणाऱ्यांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सॅम्युएल टिंग यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या 'अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर' या उपकरणाची कथा म्हणूनच मननीय आहे.

विश्वकिरणांतील विद्युत्भारित कण चुंबकीय क्षेत्रातून जाताना वळतो. तो कोणत्या बाजूस वळला यावरून भार धन की ऋण हे कळते. किती वळला यावरून त्याचा संवेग काढता येतो. तत्त्व सोपे, पण अवकाशात नेलेला मोठा चुंबक पृथ्वीच्या क्षेत्रात होकायंत्राच्या सुईप्रमाणे फिरू पाहतो आणि सबंध यानालाच पीळ देतो. यावर तोड निघाली ती अशी: निओडिमियम, लोह व बोरॉन यांपासून बनविलेल्या चुंबकांच्या ६४ खंडांचे एक कडे रचावयाचे, आणि प्रत्येक खंडाची चुंबकीय दिशा शेजाऱ्यापेक्षा किंचित वळवावयाची. मग क्षेत्र पोकळीत एकवटते आणि बाहेर जवळजवळ उरत नाही. चीनमध्ये घडविलेला हा चुंबक जून १९९८ मध्ये 'डिस्कव्हरी'तून अंतराळात जाऊन परत आला.

पुढील उपकरणासाठी पाच-सहा पटींनी प्रबळ असा अतिवाहक चुंबक तयार झाला. तो थंड राखण्यास द्रवरूप हेलियम हवे. २०१० मध्ये नेदरलँड्समधील निर्वात कक्षात चाचणी झाली, तेव्हा हेलियम तीन वर्षेही पुरणार नाही असे दिसून आले; उलट अवकाशस्थानकाचे आयुष्य तर वाढविण्यात येत होते. टिंग यांनी अनेक वर्षांच्या श्रमांचे फळ बाजूस ठेवले आणि जुना चुंबक पुन्हा बसविला. बारा वर्षांनंतर मोजले असता त्याच्या क्षेत्रात एक टक्काही फरक पडला नव्हता. क्षेत्राचा दुबळेपणा भरून काढण्यासाठी कणांचा मार्ग टिपणारे थर अधिक अंतरावर मांडण्यात आले. १६ मे २०११ रोजी 'एन्डेव्हर'मधून गेलेल्या त्या उपकरणाने आजवर दोनशे अब्जांहून अधिक कणांची नोंद केली आहे. चाचणीचा कौल अप्रिय असला तरी मानावा, हा याचा पहिला धडा.

दुसरा धडा आपल्यासाठी आहे. अशा चुंबकांना लागणारी दुर्मिळ मृदाद्रव्ये ज्या मोनाझाइटमध्ये सापडतात, ते केरळ, तामिळनाडू व ओडिशाच्या किनारी वाळूत विपुल आहे. ती काढण्यासाठी सरकारी कंपनीही १९५० मध्येच स्थापन झाली. तरीही एप्रिल २०२५ मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध घालताच आपले मोटार-कारखानदार हवालदिल झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चुंबकनिर्मितीसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु वाळूतून धातू आणि धातूतून भरवशाचा चुंबक ही वाट पैशाने एका रात्रीत सरत नाही. त्यासाठी धातुशास्त्राच्या प्रयोगशाळा, कुशल कारागीर आणि मालाला नापास करण्याचे धैर्य असलेले परीक्षक लागतात. योजनेतील रुपयांबरोबर या माणसांची तजवीज झाली नाही, तर किनारा आपला आणि चुंबक परक्याचा, ही स्थिती पालटणार नाही, असे आम्हांस स्पष्ट दिसते.